वेस मॉन्टगोमेरी

वेस मॉन्टगोमेरी, मूळ नाव जॉन लेस्ली मॉन्टगोमेरी (जन्म : ६ मार्च १९२३, इंडियानापोलिस, इंडियाना, मृत्यू : १५ जून १९६८, इंडियानापोलिस), हे अमेरिकन जॅझ गिटारवादक व संगीतरचनाकार होते. विसाव्या शतकातील सर्वाधिक प्रभावी गिटारवादकांमध्ये त्यांची गणना होते. तार छेडण्यासाठी पिक न वापरता अंगठ्याच्या मांसल भागाचा उपयोग करणे, एकच स्वर दोन सप्तकांत एकाच वेळी वाजवून धून पुढे नेणे आणि एकलवादनाचा शेवट भरीव स्वरसंघातांनी करणे ही त्यांच्या वादनाची तीन ठळक वैशिष्ट्ये होत.

मॉन्टगोमेरी यांनी सहा तारांची गिटार वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास, विवाह झाल्यानंतर, हाती घेतली. त्यांना गुरू लाभला नाही, संगीतविद्यालयात ते गेले नाहीत आणि पाश्चात्त्य स्वरलिपी वाचणे ते कधीही शिकले नाहीत. पत्नी व सात मुलांच्या संसारासाठी त्यांनी अनेक वर्षे दिवसा नोकरी केली आणि रात्री वादन केले. स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम त्यांनी ध्वनिमुद्रित केला तेव्हा ते ३६ वर्षांचे होते. त्यानंतर त्यांना नऊ वर्षांहूनही कमी आयुष्य लाभले.

बालपण आणि कुटुंब

मॉन्टगोमेरी यांचा जन्म इंडियानापोलिस शहरातील एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. आईवडील विभक्त झाल्यावर वेस आणि त्यांचे थोरले बंधू यांचा बालपणातील काही काळ वडिलांसोबत ओहायो राज्यातील कोलंबस येथे गेला. घरी वेस या नावाने ते ओळखले जात आणि पुढे तेच नाव रूढ झाले. त्यांचे थोरले बंधू विल्यम, म्हणजेच मंक मॉन्टगोमेरी (१९२१–१९८२), बेस वाजवीत. जॅझमध्ये विजेवर चालणारी बेस गिटार प्रथम वापरणाऱ्या वादकांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते. धाकटे बंधू चार्ल्स, म्हणजेच बडी मॉन्टगोमेरी (१९३०–२००९), पियानो आणि व्हायब्राफोन वाजवीत.

घरची परिस्थिती बेताची होती. मंक यांनी शाळा सोडून कोळसा आणि बर्फ विकण्याचे काम धरले होते. त्या मिळकतीतून त्यांनी १९३५ साली गहाणवटीच्या दुकानातून १३ डॉलरला चार तारांची टेनर गिटार घेतली आणि बारा वर्षांच्या वेस यांना दिली. ही गिटार वेस बराच वेळ वाजवीत असत. तथापि या काळातील वादनाला त्यांनी स्वतः पुढे फारसे महत्त्व दिले नाही. टेनर गिटारच्या तारा आणि त्यांची जुळणी सहा तारांच्या गिटारपेक्षा वेगळी असल्याने, मोठ्या वाद्याकडे वळल्यावर आपल्याला जवळपास पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, असे त्यांचे म्हणणे होते. त्यामुळे त्यांच्या शिक्षणाचा आरंभ बालपणात न धरता तरुणपणी धरण्याची रीत आहे.

सहा तारांच्या गिटारची सुरुवात

१९४३ साली मॉन्टगोमेरी यांचा विवाह सेरीन माइल्स यांच्याशी झाला. त्याच सुमारास त्यांनी बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदाने १९४१ मध्ये ध्वनिमुद्रित केलेली ‘सोलो फ्लाइट’ ही रचना ऐकली. तीत चार्ली ख्रिश्चन यांनी विजेवरील गिटारवर वाजवलेला भाग प्रमुख आहे. तोपर्यंत मोठ्या वाद्यवृंदात गिटारचे काम मुख्यतः ताल धरण्याचे असे. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या आवाजापुढे तिचा आवाज टिकत नसे. ध्वनिवर्धकाची जोड मिळाल्यावर ती सुषिर वाद्यांच्या बरोबरीने एकलवादन करू शकते, हे ख्रिश्चन यांनी दाखवून दिले होते.

हे ध्वनिमुद्रण ऐकल्यावर मॉन्टगोमेरी यांनी विजेवरील सहा तारांची गिटार आणि ध्वनिवर्धक विकत घेतला. ज्यांच्या वादनाने ते प्रभावित झाले, ते ख्रिश्चन २ मार्च १९४२ रोजी क्षयरोगाने, अवघ्या २५ व्या वर्षी मरण पावले होते. त्यांना प्रत्यक्ष भेटण्याची वा त्यांच्या हाताकडे पाहण्याची संधी मॉन्टगोमेरी यांना उरली नव्हती. शिकण्याचे साधन म्हणून हाती केवळ ध्वनिमुद्रिका होत्या. एखादा स्वरसमूह ऐकावा, तबकडीवरील सुई मागे न्यावी, तो पुन्हा ऐकावा, तारांवर शोधावा आणि जुळेपर्यंत हेच करीत राहावे, अशी ही पद्धत होती. ख्रिश्चन यांनी कोणता स्वर कोणत्या तारेवर आणि कोणत्या बोटाने वाजवला हे तबकडीवरून कळत नाही. परिणामी बोटांची ठेवण मॉन्टगोमेरी यांना स्वतःच्या सोयीने बसवावी लागली.

अनुकरणाचा काळ

सहा ते आठ महिन्यांच्या अशा सरावानंतर मॉन्टगोमेरी यांना इंडियानापोलिसमधील एका क्लबात काम मिळाले. त्यांना ख्रिश्चन यांची ध्वनिमुद्रित एकलवादने स्वरन् स्वर वाजवता येत होती आणि याच कारणासाठी त्यांना घेण्यात आले होते. पाठ केलेली वादने संपली की त्यांच्यापाशी वाजवण्याजोगे काही उरत नसे. मग ते मंचावरून उतरत आणि बाकीचे वादक कार्यक्रम पुढे नेत.

पुढे विलक्षण उत्स्फूर्ततेसाठी नावाजलेल्या या वादकाच्या आयुष्यातील ही अवस्था त्यांनी लपवली नाही. जॅझचा प्राण असलेली उपज, म्हणजे दिलेल्या स्वरसंघातांच्या चौकटीत आयत्या वेळी नवी धून रचण्याची कला, त्यांना या टप्प्यावर साधलेली नव्हती. मात्र पाठांतराने त्यांचा पाया पक्का केला. ख्रिश्चन यांच्या वाक्यांची लांबी, तालाच्या मागेपुढे स्वर ठेवण्याची त्यांची रीत आणि स्वरसंघात बदलताना धून वळवण्याच्या त्यांच्या वाटा बोटांत उतरल्या. स्वरलिपी अवगत नसल्याने मॉन्टगोमेरी यांना कोणतीही रचना कागदावरून घेता येत नसे. ती कानाने घ्यावी, स्मरणात ठेवावी आणि तारांवर शोधावी हाच मार्ग त्यांनी अखेरपर्यंत अवलंबिला. १९६५ साली नेदरलँड्समधील दूरचित्रवाणीसाठी केलेल्या चित्रीकरणात ते तेथील वादकांना रचनेतील स्वरसंघातांचा क्रम गिटारवर वाजवून समजावून देताना दिसतात. स्वरलिपी येत नसली, तरी हार्मनीचे त्यांचे ज्ञान किती नेमके होते हे या चित्रणातून कळते.

अंगठ्याचा वापर

विजेवरील गिटारवादक सामान्यतः पिकने, म्हणजे अंगठा व तर्जनीत धरलेल्या चपट्या पट्टीने, तार छेडतात. मॉन्टगोमेरी यांनीही सुरुवातीला पिक वापरले. नोकरीमुळे त्यांना घरी सरावासाठी रात्रीचाच वेळ मिळे. ध्वनिवर्धकातून निघणाऱ्या पिकच्या तीक्ष्ण आवाजाचा घरच्यांना आणि शेजाऱ्यांना त्रास होऊ लागला. यावर उपाय म्हणून त्यांनी पिक बाजूला ठेवून अंगठ्याने तार छेडून पाहिली. आवाज सौम्य झाला आणि तक्रार थांबली. या प्रसंगाच्या निरनिराळ्या कथनांत तक्रार करणारे कोठे शेजारी आहेत, तर कोठे पत्नी.

अंगठ्याने काढलेला स्वर मॉन्टगोमेरी यांना आवडला, परंतु त्याची किंमत मोजावी लागली. पिक खाली जाताना आणि वर येताना अशा दोन्ही दिशांनी तार छेडते, म्हणून द्रुत लयीत ते सोयीचे ठरते. मॉन्टगोमेरी एकेरी स्वरांसाठी अंगठ्याचा आघात बहुतांशी खालच्या दिशेनेच करीत. प्रत्येक स्वरानंतर अंगठा पुन्हा वर आणावा लागे. ही उणीव जाणवल्याने त्यांनी काही काळ अंगठा पूर्णपणे टाकून केवळ पिकचा सराव केला. पिकवर हवी तशी हुकमत येईना आणि तिच्या आवाजाने समाधान होईना. दरम्यान अंगठ्याची सवयही मोडू लागली. तेव्हा वेग आणि स्वराचा पोत यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ आली आणि त्यांनी पोत निवडला.

पुढील वर्षांत त्यांनी याच मर्यादेत राहून वेग मिळवला. उजव्या हाताची बाकीची बोटे ते गिटारच्या दर्शनी बाजूवर टेकवून ठेवीत, त्यामुळे अंगठ्याला स्थिर आधार मिळे. काही स्वर अंगठ्याने न छेडता डाव्या हाताचे बोट तारेवर आपटून किंवा तारेवरून ओढून काढले जात. त्यामुळे आघातांची संख्या घटे आणि धून गायल्यासारखी जोडून ऐकू येई. स्वरसंघात आणि सप्तकजोड्या वाजवताना मात्र अंगठा दोन्ही दिशांनी फिरे. गिटारवादक जॉर्ज बेन्सन यांच्या निरीक्षणानुसार मॉन्टगोमेरी यांच्या अंगठ्यावर घट्टा पडला होता. मऊ भागाने गोल आणि घट्ट्याच्या कडेने टोकदार, असे दोन प्रकारचे स्वर ते गरजेनुसार काढीत.

त्यांच्या हातात बहुधा गिब्सन कंपनीची ‘एल-५’ ही पोकळ पेटीची विजेवरील गिटार असे. जाड आणि गुळगुळीत वेटोळ्याच्या तारा, पोकळ पेटी आणि अंगठ्याचा मांसल स्पर्श यांच्या मिलाफातून त्यांचा उबदार, काहीसा गडद नाद तयार झाला.

सप्तकजोडीचे तंत्र

मॉन्टगोमेरी यांचे नाव ज्या तंत्राशी सर्वाधिक जोडले जाते ते म्हणजे सप्तकजोडी. यात एकच स्वर लगतच्या दोन सप्तकांत एकाच वेळी वाजवला जातो, उदाहरणार्थ मध्य सप्तकातील षड्ज आणि तार सप्तकातील षड्ज. अशा जोड्यांनी संपूर्ण धून वाजवली की ती अधिक भारदस्त आणि भरीव होते. हे तंत्र त्यांनी शोधलेले नव्हते. युरोपातील जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट यांनी त्यांच्या आधी ते वापरले होते. राइनहार्ट यांच्याकडे ते अधूनमधून येई. मॉन्टगोमेरी यांनी त्यावर दीर्घ एकलवादने उभारली आणि द्रुत लयीतही ते सहजतेने वापरले.

सहा तारांच्या गिटारवर अशी जोडी वाजवताना मधली एक तार सोडून तिच्या दोन्ही बाजूंच्या तारा दाबाव्या लागतात. सहाव्या आणि चौथ्या, तसेच पाचव्या आणि तिसऱ्या तारेवरील जोडीत दोन बोटांमध्ये दोन पडद्यांचे अंतर असते. चौथ्या आणि दुसऱ्या, तसेच तिसऱ्या आणि पहिल्या तारेवर ते तीन पडद्यांचे होते, कारण तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेची जुळणी इतर तारांच्या तुलनेत एका अर्धस्वराने जवळची असते. त्यामुळे धून एका तारजोडीवरून दुसरीवर जाताना हाताचा आकार बदलावा लागतो. अंगठा एकाच फटक्यात तिन्ही तारांवरून जात असल्याने मधली तार मुकी ठेवणेही आवश्यक असते. तर्जनी तारेवर ठेवतानाच तिचा मांसल भाग मधल्या तारेला हलकेच टेकवला, तर ती वाजत नाही. हा स्पर्श कमी पडला तर बेसूर स्वर निघतो आणि अधिक झाला तर धून अडखळते.

या हालचाली द्रुत लयीत अचूक करण्यासाठी लागणारी एकाग्रता मोठी होती. सप्तकजोड्यांचा सराव करताना आपले डोके दुखत असे आणि वादन थांबवताच ते थांबे, असे मॉन्टगोमेरी यांनी सांगितले होते. श्रोत्यांना जो भाग सर्वांत सहज वाटे, तोच त्यांना सर्वाधिक कष्टाचा गेला होता.

एकलवादनाची रचना

मॉन्टगोमेरी यांचे एकलवादन अनेकदा तीन टप्प्यांत उलगडे. प्रथम एकेरी स्वरांची धून येई. काही आवर्तनांनंतर त्याच कल्पना सप्तकजोड्यांत मांडल्या जात. शेवटी धूनेचा प्रत्येक स्वर माथ्यावर ठेवून त्याखाली तीन-चार स्वरांचे भरीव स्वरसंघात वाजवले जात आणि एकट्या गिटारमधून वाद्यवृंदाचा भास निर्माण होई. या क्रमामुळे आवाज न वाढवताही वादनाची घनता वाढत जाई. एकेरी धूनेत ते डाव्या हाताच्या पहिल्या तीन बोटांवर भर देत. करंगळी मुख्यतः सप्तकजोड्या आणि स्वरसंघातांसाठी उपयोगात येई. गिटारचे शास्त्रोक्त शिक्षण चारही बोटांच्या समान वापरावर भर देते. त्या दृष्टीने त्यांचे तंत्र अपारंपरिक होते.

हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदात

१९४८ साली व्हायब्राफोनवादक लायोनेल हॅम्प्टन यांनी मॉन्टगोमेरी यांना आपल्या वाद्यवृंदात घेतले. इंडियानापोलिसबाहेरचे हे त्यांचे पहिले मोठे काम होते. या वाद्यवृंदात त्यांना ट्रम्पेटवादक फॅट्स नॅव्हारो आणि बेसवादक चार्ल्स मिंगस यांच्यासारख्या नव्या विचाराच्या वादकांचा सहवास मिळाला. मोठ्या वाद्यवृंदात एकलवादनाची संधी मात्र मर्यादित होती. मॉन्टगोमेरी यांना विमानप्रवासाचे भय वाटे, म्हणून ते दूरदूरची अंतरे मोटारीने कापीत. दीर्घ दौऱ्यांमुळे कुटुंबापासून होणारी ताटातूट त्यांना सोसवेना. १९५० साली त्यांनी वाद्यवृंद सोडला आणि ते घरी परतले.

नोकरी, संसार आणि रात्रीचे वादन

पुढील जवळपास दहा वर्षे मॉन्टगोमेरी इंडियानापोलिसमध्येच राहिले. कुटुंब वाढत होते आणि केवळ वादनावर घर चालणे शक्य नव्हते. त्यांनी रेडिओचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम केले. त्यांचा दिनक्रम विलक्षण कष्टाचा होता. सकाळी ७ ते दुपारी ३ कारखान्यात काम, रात्री ९ ते २ ‘टर्फ बार’ येथे वादन आणि त्यानंतर २:३० ते पहाटे ५ पर्यंत ‘मिसाइल रूम’ या उशिरापर्यंत चालणाऱ्या क्लबात पुन्हा वादन असे त्याचे स्वरूप होते. झोपेसाठी दुपार-संध्याकाळचे काही तासच उरत.

या दिनक्रमाची दुसरी बाजू अशी की, मॉन्टगोमेरी यांना रोज कित्येक तास श्रोत्यांसमोर आणि इतर वादकांसोबत वाजवण्याची संधी मिळाली. इंडियानापोलिसमधील इंडियाना अव्हेन्यू हा रस्ता त्या काळी कृष्णवर्णीय समाजाच्या व्यवसायांचे आणि संगीताचे केंद्र होता. एकांतात शोधलेली अंगठ्याची आणि सप्तकजोड्यांची तंत्रे येथील क्लबांत तावूनसुलाखून निघाली.

मंक आणि बडी हे बंधू १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ‘मास्टरसाउंड्स’ या चमूतून वाजवू लागले. त्यांच्यासह मॉन्टगोमेरी यांनी डिसेंबर १९५७ मध्ये इंडियानापोलिस येथे ध्वनिमुद्रण केले. पुढे विख्यात झालेले ट्रम्पेटवादक फ्रेडी हबर्ड यांचाही त्यात सहभाग होता.

रिव्हरसाइडमधील काळ

१९५९ साली सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्ली इंडियानापोलिसमध्ये कार्यक्रमासाठी आले असता त्यांनी ‘मिसाइल रूम’मध्ये मॉन्टगोमेरी यांचे वादन ऐकले. ते इतके प्रभावित झाले की त्यांनी लगेच रिव्हरसाइड या ध्वनिमुद्रण कंपनीचे निर्माते ऑरिन कीपन्यूज यांना दूरध्वनी करून या वादकाला करारबद्ध करण्याचा आग्रह धरला. कीपन्यूज स्वतः इंडियानापोलिसला गेले, त्यांनी रात्रभर मॉन्टगोमेरी यांचे वादन ऐकले आणि पहाटे करार झाला.

ऑक्टोबर १९५९ मध्ये न्यूयॉर्क येथे ऑर्गनवादक मेल्विन राइन आणि ड्रमवादक पॉल पार्कर या आपल्या गावच्या साथीदारांसह मॉन्टगोमेरी यांनी स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम ध्वनिमुद्रित केला. जानेवारी १९६० मध्ये पियानोवादक टॉमी फ्लॅनगन, बेसवादक पर्सी हीथ आणि ड्रमवादक अल्बर्ट हीथ यांच्या साथीने ‘दि इन्क्रेडिबल जॅझ गिटार ऑफ वेस मॉन्टगोमेरी’ हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला. ‘फोर ऑन सिक्स’ आणि ‘वेस्ट कोस्ट ब्लूज’ या त्यांच्या स्वतःच्या रचना त्यात आहेत. या अल्बमने जॅझविश्वात त्यांचे स्थान पक्के केले. १९६० च्या दशकात ‘डाउनबीट’ या नियतकालिकाच्या समीक्षक मतदानात ते अनेकदा सर्वोत्कृष्ट गिटारवादक ठरले.

१९६१ साली मॉन्टेरे जॅझ महोत्सवात ते सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या चमूसोबत वाजले. त्याच वर्षाच्या अखेरीस व्हायब्राफोनवादक मिल्ट जॅक्सन यांच्यासह त्यांनी ध्वनिमुद्रण केले. २५ जून १९६२ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित झालेल्या ‘फुल हाउस’ या अल्बममध्ये सॅक्सोफोनवादक जॉनी ग्रिफिन, पियानोवादक विंटन केली, बेसवादक पॉल चेंबर्स आणि ड्रमवादक जिमी कॉब यांची साथ आहे.

व्यावसायिक यश आणि टीका

रिव्हरसाइड कंपनी १९६४ साली दिवाळखोरीत निघाली. त्यानंतर मॉन्टगोमेरी यांनी व्हर्व्ह कंपनीशी करार केला. तेथे निर्माते क्रीड टेलर यांनी त्यांच्या गिटारभोवती मोठा वाद्यवृंद आणि तंतुवाद्यांचा ताफा उभा करून लोकप्रिय गीतांच्या धुना वाजवून घेण्यावर भर दिला. ‘गोइंग आउट ऑफ माय हेड’ या अल्बमसाठी मॉन्टगोमेरी यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. याच काळात विंटन केली यांच्या चमूसह ‘स्मोकिंग ॲट द हाफ नोट’ (१९६५) हा लहान चमूचा अल्बमही निघाला आणि तो त्यांच्या सर्वोत्तम कामांपैकी एक मानला जातो. १९६५ मध्ये विमानप्रवासाचे भय बाजूला सारून त्यांनी युरोपचा दौरा केला. पॅरिस आणि लंडन येथील त्यांच्या वादनाची, तसेच दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांची मुद्रणे उपलब्ध आहेत. त्यांचे तंत्र प्रत्यक्ष पाहण्यासाठी गिटारचे विद्यार्थी आजही ही चित्रणे अभ्यासतात.

१९६७ साली ते ए अँड एम कंपनीत गेले. तेथील ‘अ डे इन द लाइफ’ हा अल्बम बिलबोर्डच्या जॅझ यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. या अल्बमांतील वादन बहुतांशी सप्तकजोड्यांत मूळ धून वाजवण्यापुरते मर्यादित असल्याने अनेक जॅझ समीक्षकांनी नाराजी व्यक्त केली. एकेकाळी डोकेदुखी सोसून मिळवलेले तंत्र आता त्यांची व्यापारी ओळख बनले होते. दुसरीकडे, ज्यांनी पूर्वी जॅझ ऐकले नव्हते अशा असंख्य श्रोत्यांपर्यंत ते याच अल्बमांमुळे पोहोचले. सात मुलांच्या या पित्याला आयुष्यात प्रथमच आर्थिक स्थैर्य लाभले. प्रत्यक्ष कार्यक्रमांत ते लहान चमूसोबत पूर्वीप्रमाणेच दीर्घ उपज करीत असत.

मृत्यू

१९६८ च्या पूर्वार्धात मॉन्टगोमेरी आपल्या बंधूंसह दौऱ्यावर होते. दौऱ्यावरून परतल्यानंतर थोड्याच दिवसांत, १५ जून १९६८ रोजी सकाळी, इंडियानापोलिस येथील राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. ते ४५ वर्षांचे होते. त्याच शहरातील न्यू क्राउन दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. ‘विलो वीप फॉर मी’ या मरणोत्तर प्रकाशित अल्बमलाही ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

प्रभाव आणि वारसा

जॉर्ज बेन्सन, पॅट मार्टिनो, एमिली रेमलर, ली रिटनॉर आणि पॅट मेथेनी हे नंतरच्या पिढ्यांतील नामवंत गिटारवादक मॉन्टगोमेरी यांच्या वादनाने प्रभावित झाले. सप्तकजोडी हा आता गिटारशिक्षणाचा सर्वमान्य भाग असून जॅझबाहेरही तिचा सर्रास वापर होतो. अंगठ्याची पद्धत तुलनेने कमी वादकांनी पूर्णपणे स्वीकारली. मेथेनी किशोरवयात अंगठा आणि सप्तकजोड्या या दोन्हींचे अनुकरण करीत. ही ओळख मॉन्टगोमेरी यांचीच आहे या जाणिवेने त्यांनी पुढे ते थांबवले आणि स्वतःचा मार्ग शोधला. ख्रिश्चन यांच्या अनुकरणापासून मॉन्टगोमेरी यांनी केलेला प्रवासही याच प्रकारचा होता.

प्रौढ वयात वाद्य शिकू लागलेल्यांसमोर मॉन्टगोमेरी यांचे उदाहरण वारंवार ठेवले जाते. या उदाहरणाचे दोन्ही पैलू लक्षात घेण्याजोगे आहेत. उशिरा सुरुवात, गुरूचा अभाव आणि नोकरीमुळे मिळणारा तुटपुंजा वेळ या अडचणी त्यांच्या वाट्याला आल्या. शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून केलेल्या तडजोडीतून त्यांचा विशिष्ट नाद घडला. मात्र पहिल्या नोकरीपासून पहिल्या अल्बमपर्यंत सुमारे दीड दशक लोटले आणि या काळात ते रोज कित्येक तास वाजवीत राहिले. त्यांच्या वादनातील सहजता या दीर्घ, एकसुरी सरावाची निष्पत्ती होती.

इंडियानापोलिस शहरातील एका उद्यानाला मॉन्टगोमेरी यांचे नाव देण्यात आले आहे. १९९० च्या दशकात गिब्सन कंपनीने त्यांच्या नावाची ‘एल-५’ गिटार बाजारात आणली. रिव्हरसाइडशी करार होण्यापूर्वीची त्यांची दुर्मीळ ध्वनिमुद्रणे २०१२ आणि २०१५ साली प्रकाशित झाली. त्यांतून इंडियानापोलिसच्या क्लबांतील त्यांच्या वादनाची कल्पना येते. ‘दि इन्क्रेडिबल जॅझ गिटार ऑफ वेस मॉन्टगोमेरी’ या अल्बमचा समावेश अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१७ साली राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत केला. अभिनेते अँथनी मॉन्टगोमेरी हे त्यांचे नातू होत.